शिसं नळीत राहू नये म्हणून
(अमळनेरातल्या एका बंदूक-कारागिराचा दिवस)

नळीत शिसं साचतं ते बार निघताना. पण ते साचणार की नाही, हे बहुतेक वेळा बार निघण्याआधीच ठरलेलं असतं. गोळी नळीला नीट बसते का, तिला वंगण पुरेसं आहे का, नळी आतून गुळगुळीत आहे का, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. परवान्याच्या बंदुका आणि रिव्हॉल्व्हर दुरुस्त करणं हा माझा धंदा. चोपडा-यावलकडचे पीकसंरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी, बँकेचे आणि पेढीचे रखवालदार, आणि अलीकडे नेमबाजी शिकणारी पोरं, अशी माझी गिऱ्हाइकं. काम बारीक आहे, जबाबदारी मोठी आहे. एका साध्या दिवसात ते कसं चालतं ते सांगतो.

सकाळी ६

बाजार जागा व्हायच्या आत दुकान उघडतो आणि आधी टेबल पुसतो. झाडू मारत नाही. कोरड्या झाडूने शिशाची भुकटी हवेत उडते आणि श्वासावाटे पोटात-फुप्फुसात जाते. म्हणून ओलं फडकं, साबणाचं पाणी आणि फडकं धुतलेलं पाणी टाकायला वेगळी बादली. कामाचा सदरा आणि एप्रन दुकानातच खुंटीला असतात. ते घरी जात नाहीत.

शिशाची अमुक एक मात्रा निर्धोक आहे असं जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो. आपल्या देशात शिसंमिश्रित पेट्रोल २००० साली बंद झालं ते याच कारणाने. जे विष रस्त्यावरून हटवायला एवढा खटाटोप करावा लागला, ते कारागिराने आपल्या सदऱ्यावरून घरात नेऊ नये. नवीन पोरगा कामाला आला की चिमटा आणि कानस हातात देण्याआधी मी त्याला हे शिकवतो.

सकाळी ८.३०

पहिलं गिऱ्हाईक तापीकाठच्या गावचे एक आप्पा. परवान्याचं .३२ चं रिव्हॉल्व्हर, वडिलांच्या वेळचं. गेल्या आठवड्यात परवानगी काढून चांदमारीवर सराव केला, तर पहिले पाच-सहा बार ठीक गेले आणि पुढचे पांगत गेले.

"मिस्तरी, हात तर मना हालत नही. मंग हाई गोळी कसाले भलतीकडे जास?"

"आप्पा, आधी उघडून बघू द्या. हाताला दोष मागून देऊ."

रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की नळीचं तोंड भिंतीकडे. ते मधून मोडून उघडायचं, सिलिंडरची सहाही घरं डोळ्याने बघायची, मग बोटाने चाचपायची. आप्पांनी काडतुसं घरीच ठेवली होती, तशी सूचना मी आधीच दिलेली असते. तरीही तपासणी चुकवत नाही. त्यानंतर रजिस्टर: नाव, परवाना क्रमांक, शस्त्राचा क्रमांक, काय तक्रार, कधी आलं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्र किंवा दारूगोळा बनवायला, विकायला आणि दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो. ज्याचा कागद नाही त्याच्या शस्त्राला मी हात लावत नाही, मग तो नात्यातला का असेना.

.३२ चं हे काडतूस जुनं आहे. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने ते १८९६ साली बाजारात आणलं. आपल्याकडे ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतं. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं असतात ती त्याचीच. गोळी उघड्या शिशाची, वर तांब्याचं कवच नाही. वेगही बेताचा, सेकंदाला दोनशे ते सव्वादोनशे मीटर. एवढ्या वेगाला कवच लागत नाही, पण नळीने आणि मालकाने आपापलं काम चोख करावं लागतं.

आमच्याच जिल्ह्यात वरणगावला १९६४ पासून दारूगोळा कारखाना आहे. तिथे लष्कराच्या रायफलींची काडतुसं होतात. ती गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या वर धावते. उघडं शिसं त्या वेगाला टिकणार नाही, पेचांवर, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांवर, सोललं जाईल. म्हणून तिच्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच असतं. १८८० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी असं कवच तयार केलं, आणि बिनधुराच्या दारूने गोळीचे वेग वाढले तेव्हा ते कामी आलं. कमी वेगाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र शिसं आजही टिकून आहे, आणि साफसफाईचा प्रश्नही त्याच्याबरोबर टिकून आहे.

सकाळी ९.३०

आता नळी बघायची. मागच्या बाजूला पांढरा कागद धरायचा, त्यावर दिव्याचा उजेड पाडायचा आणि पुढून बघायचं. स्वच्छ नळीत पेच धारदार दिसतात, उजेड कडेकडेने फिरत जातो. शिसं साचलं असेल तिथे राखाडी, मंद, खरखरीत पट्टे दिसतात. पेचाची कड बोथट वाटते.

शिसं कुठे साचलंय यावरून ते का साचलं हे निम्मं कळतं. नळीच्या सुरुवातीलाच, म्हणजे सिलिंडरमधून निघालेली गोळी जिथे नळीच्या गळ्यात शिरते तिथे साचलं असेल, तर शंका मापाची किंवा त्या गळ्याच्या खरखरीची. तोंडाकडच्या शेवटच्या इंचभरात साचलं असेल, तर वंगण वाटेतच संपलं. सगळ्या लांबीभर सारखं असेल, तर नळी आतून खडबडीत आहे, नाहीतर गोळीचं शिसं तिच्या वेगाच्या मानाने फार मऊ आहे. आणि गळ्याच्या एकाच बाजूला असेल, तर सिलिंडर नळीसमोर नीट येत नाही. गोळी तिरकी शिरते आणि तिची एक कड कापली जाते. अशा वेळी शिशाचे बारीक तुकडे शेजारी उभ्या माणसाच्या अंगावरही उडतात.

आप्पांच्या नळीत शिसं गळ्यापासून पहिल्या इंचभरात होतं, सगळ्या बाजूंनी सारखं. म्हणजे दोन शक्यता उरल्या: माप, नाहीतर खरखर.

सकाळी १०.३०

अंदाजाने औषध द्यायचं नाही, आधी मोजायचं. मासेमारीच्या जाळ्याला लावतात तसल्या मऊ शुद्ध शिशाचा तुकडा घेतला, तेल लावलं आणि पितळी गजाने हलके हलके ठोकत नळीतून पार केला. तो बाहेर आला तो नळीच्या आतल्या पेचांचा ठसा घेऊनच. त्याच्या उंच बाजूंवर मायक्रोमीटर लावला की नळीच्या खाचांचा व्यास मिळतो. त्यानंतर सिलिंडरच्या प्रत्येक घराचं पुढचं तोंड वेगवेगळं मोजायचं. सहा घरं आहेत म्हणून सहाही सारखी असतील असं धरून चालत नाही.

नियम असा की शिशाची गोळी नळीच्या खाचांपेक्षा इंचाच्या एक ते दोन हजारांशाने मोठी हवी. म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या ते विसाव्या भागाएवढी. .३२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये खाचांचा व्यास साधारण ०.३१२ इंच, म्हणजे आठ मिलिमीटरला किंचित कमी. गोळी यापेक्षा बारीक असेल तर तिच्या आणि नळीच्या मधल्या फटीतून जळता वायू पुढे घुसतो. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं आणि वायू त्याहून कितीतरी तापलेला. तो गोळीची कड खातो, वितळलेलं शिसं नळीच्या पोलादावर उडवतो आणि ते तिथे डाख दिल्यासारखं बसतं. पुढच्या गोळीला तोच खडबडीत थर घासतो, तिचं आणखी शिसं ओरबाडतो. पहिले बार ठीक आणि पुढचे पांगलेले, असं होतं ते यामुळे.

सिलिंडरच्या घराचं तोंड नळीपेक्षा अरुंद असेल तरी हेच. योग्य मापाची गोळी त्या तोंडातून दाबली जाते, बारीक होते आणि नळीत सैल पडते. रिव्हॉल्व्हरवाल्यांना ही गोष्ट लवकर सापडत नाही, कारण सगळे नळीच बघतात.

आप्पांच्या रिव्हॉल्व्हरची मापं बरोबर निघाली. सगळी घरं ठीक, नळीही ठीक. मग भिंगाखाली गळा बघितला तेव्हा कारण सापडलं: जुन्या गंजाचे बारीक खड्डे. कानसेच्या दातांसारखे ते खड्डे प्रत्येक गोळीचं शिसं खरवडत होते.

"आप्पा, हे ठेवता कुठे?"

"चामड्याना कव्हरमा. कपाटमा."

गंजाचं मूळ तिथेच होतं. चामडं पावसाळ्यात ओल धरतं, आणि ते कमावताना वापरलेली रसायनं आणि क्षार पोलादाला चिकटून राहतात. चामड्याचं कव्हर कमरेला लावायला आहे. शस्त्र कायम ठेवायला नाही.

सकाळी ११.३०

हातातलं सगळ्यात वेळखाऊ काम आता सुरू होतं. वेब्ली पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर काढलं की गज मागच्या बाजूने घालता येतो. ही मोठी सोय, कारण पुढच्या तोंडाची कड झिजली तर नेमच बिघडतो. मागून घालणं शक्य नसेल तिथे तोंडावर पितळी गुंडी बसवून गज मधोमध ठेवतो.

आधी नळीत झिरपणारं तेल घालून ठेवायचं, म्हणजे ते शिसं आणि पोलाद यांच्या मधे शिरतं. मग नळीच्या मापाचा ब्राँझचा ब्रश. पोलादी ब्रश कधीच नाही. साचलेला थर जाड असेल तर जुन्या ब्रशभोवती तांब्याच्या घासणीचे चार धागे गुंडाळतो. तांबं पोलादापेक्षा मऊ आहे, ते शिसं खरवडतं आणि पेचांना धक्का लावत नाही. पण बाजारात तांब्याच्या नावाने पोलादावर मुलामा दिलेल्या घासण्याही मिळतात, म्हणून प्रत्येक घासणीला आधी लोहचुंबक लावून बघतो. चिकटली तर ती स्वयंपाकघरात परत. परदेशात याच कामासाठी रबरी टोकावर पितळी जाळी बसवलेलं अवजार मिळतं. तत्त्व तेच.

चार-सहा फेऱ्या झाल्या की चिंदी ओढायची. चिंदीवर चंदेरी पापुद्रे दिसतात, ते शिसं. पुन्हा तेल, पुन्हा ब्रश, पुन्हा चिंदी, ती करडी निघायची थांबेपर्यंत. एनसीसीत फायरिंग केलेल्या कुणालाही पुलथ्रू (नळीतून चिंदी ओढायची दोरी) आणि चिंदीची ही शिस्त आठवेल. तिथे मुलांना कंटाळा येतो, पण ती शिस्त शंभर टक्के योग्य आहे.

दोन उपाय मी दुकानात येऊ देत नाही. एक, पारा. शिसं पाऱ्यात मिसळतं हे खरं आणि जुन्या काळी लोक नळीत पारा फिरवायचेही, पण पाऱ्याची वाफ कारागिराला संपवते. दुसरा, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं मिश्रण. ते शिसं विरघळवतं, पण त्यातून शिशाचा विषारी क्षार तयार होतो. तो पाण्यात विरघळतो, कातडीवर आणि मोरीत जातो, आणि नळीचं पोलादही खातो. सोपं वाटणारं हे काम सगळ्यात महाग पडतं.

शिसं निघाल्यावर गळ्याचे खड्डे पितळी अवजारावर बारीक लॅपिंग पेस्ट लावून घासले. खोल खड्डे पूर्ण जात नाहीत, जायलाही नकोत, माप बदलेल. कडा मऊ झाल्या की पुरे. गोळी त्यावरून घसरून जाते.

दुपारी १

जेवणाआधी हात गार पाण्याने आणि साबणाने धुवायचे, नखांच्या आतून, कोपरापर्यंत.  तोंडही धुवायचं. दुकानात चहा, पाणी, तंबाखू काही नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा घरच्या ओट्यावर खायचा, टेबलावर नाही.

अंगात शिसं जाण्यात शिशाच्या गोळीइतकाच हात काडतुसाच्या बुडातल्या टोपीचा आहे, हे फार जणांना माहीत नसतं. त्या टोपीत बहुधा लेड स्टिफनेट नावाचं शिशाचंच संयुग असतं. घोडा पडला की ते जळून धूर होतं. बंद चांदमारीत नेमबाजाच्या फुप्फुसात जाणारं पुष्कळसं शिसं या धुरातून येतं. कवच घातलेली गोळी वापरली म्हणून हात धुवायचे टाळता येत नाहीत, ते यामुळेच.

दुपारी २.३०

उन्हाच्या वेळी गिऱ्हाईक कमी. आज एक निवृत्त छापखानेवाले काका आले. त्यांच्याकडे वडिलोपार्जित ठासणीची बंदूक आहे, परवान्यासह. जुनं सामान म्हणून गज, दारू ठेवायचं सांबरशिंग आणि गोळी ओतायचा लोखंडी साचा. त्यांना उत्सुकता अशी की छापखान्यातल्या खिळ्यांचं शिसं आणि गोळीचं शिसं एकच का.

एक नाही, पण नात्यातलं आहे. शुद्ध शिसं फार मऊ. त्याची कठीणता ब्रिनेल मापाने साधारण ५. त्यात अँटिमनी घातलं की ते कडक होतं, कथील घातलं की ते साच्यात नीट भरतं. वर्तमानपत्रांच्या लायनोटाइप यंत्राच्या धातूत चार टक्के कथील आणि बारा टक्के अँटिमनी, कठीणता २२ च्या आसपास. अमेरिकेत हौशी नेमबाज स्वतः गोळ्या ओतायचे तेव्हा हा छापखान्याचा धातू त्यांना सोन्यासारखा वाटायचा. तिथे प्रसिद्ध असलेल्या लायमन नंबर २ या मिश्रणात नव्वद टक्के शिसं, पाच टक्के कथील, पाच टक्के अँटिमनी. कठीणता १५.

पण जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं, हा समज चुकीचा आहे, आणि कितीतरी नळ्या त्यापायीच खराब झाल्या आहेत. बार निघताना वायूच्या दाबाने गोळीचं बूड किंचित फुगतं आणि नळी बंद करतं. कमी दाबाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये फार कडक गोळी फुगतच नाही. फट राहते, वायू पुढे घुसतो, कड वितळते. फार मऊ गोळी पेचांवर सोलली जाते. म्हणून मध्यम कठीणता आणि नेमकं माप. दोन्हींतलं एकच साधत असेल तर माप साधावं.

यानंतर वंगण. ओतीव गोळीच्या अंगावर गोल खाचा असतात, त्यांत मेण भरतात. अमेरिकेत मधमाशीचं मेण आणि ॲलॉक्स नावाचं वंगण निम्मं-निम्मं हे मिश्रण रूढ आहे. बार काढल्यावर नळीच्या तोंडावर वंगणाची चांदणी उमटली, तर ते शेवटपर्यंत पुरलं असं समजावं. वेग थोडा जास्त असेल तर गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी टोपी चढवतात. हल्ली गोळीवर भट्टीत भाजलेल्या प्लॅस्टिकसारख्या रंगाचा थर देण्याची पद्धतही आली आहे. मग शिसं पोलादाला शिवतच नाही.

गोळीचं वंगण आपल्या इतिहासात फार महाग पडलं. १८४९ साली फ्रान्सच्या मिनिए यांनी पोकळ बुडाची गोळी काढली. नळीपेक्षा जरा बारीक, म्हणजे वरून सहज ठासता यावी, आणि बार निघताच फुगून पेच धरणारी. त्याच कल्पनेवर १८५३ ची एनफील्ड रायफल आली. तिच्या कागदी काडतुसाला चरबी लावत ती नळीत दारूची घाण आणि शिसं घट्ट बसू नये म्हणून. कुणाची चरबी, या प्रश्नावर १८५७ साली छावण्या पेटल्या. त्याआधी सरकारने शिपायांना आपापलं मेण-तेल लावायची मुभा दिली होती, पण तोवर विश्वास गेला होता. त्याच लाटेत आमच्या सातपुड्यात खाजा नाईक आणि भीमा नाईक यांनी भिल्लांना उभं केलं, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीची लढाई झाली. त्या बंडाची मुळं खोलवर होती, पण ठिणगी पडली ती नळी स्वच्छ ठेवण्याच्या उपायावर.

काकांना जाता जाता एक गोष्ट हात जोडून सांगितली: साचा घरात आहे म्हणून गोळ्या ओतायला बसू नका. दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीवर शिसं वितळवणं हे नातवंडांच्या ताटात विष कालवणं आहे. साचा वस्तू म्हणून जपा.

दुपारी ४.३०

धुळ्याहून एक मुलगी आपल्या वडिलांसोबत .२२ चं पिस्तूल घेऊन आली. ती २५ मीटर प्रकाराची तयारी करते आहे. या प्रकारात राही सरनोबत या कोल्हापूरच्या नेमबाजाने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून खानदेशातल्या मुलींनाही हा खेळ आपला वाटू लागला आहे.

"काका, प्रिसिजनला माझे बार खाली-वर पडतात. पिस्तूल खराब झालंय का?"

"ताई, शेवटचं साफ कधी केलं? आणि मधे काडतुसाचा ब्रँड बदलला का?"

ब्रँड बदलला होता. .२२ च्या काडतुसात गोळी पुंगळीएवढीच जाड असते, त्यामुळे वंगण बाहेर उघडं राहतं. कुणाचं मेणासारखं, कुणाचं चिकट. ब्रँड बदलला की जुन्या वंगणाचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंत काही बार इकडेतिकडे जातात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण उघड्या वंगणाला धूळ चिकटते, म्हणून काडतुसं खिशात सुटी ठेवू नयेत. खानदेशातली उन्हाळी धूळ नळीला सँडपेपरसारखी घासते.

तिच्या पिस्तुलात घराच्या लगेच पुढे शिसं आणि काजळीचं कडं बसलेलं होतं. ते ब्रशने काढलं, बाकी नळीला फार हात लावला नाही. .२२ ची चांगली नळी वंगणाच्या पातळ थरावर स्थिर चालते. रोज खरवडून तो थर काढणं हाही एक अत्याचारच.

पंचवीस मीटरवरच्या प्रिसिजन लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. याच अंतरावरच्या सेंटर फायर पिस्तुलाच्या प्रकारात (काडतुसाची टोपी बुडाच्या मधोमध असते तो) तीस बार प्रिसिजनचे, पाच मिनिटांत पाच याप्रमाणे, आणि तीस रॅपिडचे, जिथे लक्ष्य तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद फिरून जातं. तिथे बरेच नेमबाज आजही .३२ चं सपाट तोंडाचं शिशाचं काडतूस वापरतात, कारण त्याचं कागदातलं भोक स्वच्छ पडतं आणि धक्का सौम्य असतो. महाराष्ट्राच्या अशोक पंडित यांनी १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर फायर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. ज्या खेळात एका गुणाने पदक हुकतं, तिथे नळीतला शिशाचा पापुद्रा हा प्रतिस्पर्ध्याइतकाच मोठा असतो.

मुलीच्या वडिलांना वेगळं सांगितलं: सरावाहून आल्यावर तिने आधी हात-तोंड धुवावं, कपडे बदलावेत, मगच धाकट्या भावाला उचलावं. आणि जे रोज बंद चांदमारीत सराव करतात त्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्यावं.

संध्याकाळी ६

आप्पा परत आले. रिव्हॉल्व्हर उघडून त्यांच्या हातात दिलं आणि कागदाच्या उजेडात नळी दाखवली. सकाळचा राखाडी पट्टा गेलेला, पेच कडेपर्यंत स्पष्ट.

"आते तं आरसा व्हई गया!"

"आरसा राहील, आप्पा, पण तुम्ही ठेवला तर."

त्यांना लिहूनच दिलं. सरावानंतर त्याच संध्याकाळी साफ करायचं, दुसऱ्या दिवशी नाही. ब्रश ब्राँझचा. शेवटी चिंदीने तेलाचा पातळ हात, ओघळ नको. चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवायचं नाही, कोरड्या कपड्यात आणि कुलपात ठेवायचं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघायचं. सराव करताना मधे थांबून नळीत एकदा नजर टाकायची, अर्थात सिलिंडर रिकामं करून, उघडून. बार पांगायला लागले तर हाताला दोष देण्याआधी नळी बघायची.

आणि एक गोष्ट तीनदा सांगितली. काही लोक सल्ला देतात की शिसं साचलं तर कवचाच्या दोन गोळ्या मारा, नळी आपोआप साफ होते. हे करू नका. साचलेल्या शिशाने नळी आधीच अरुंद झालेली असते. त्यात कवचाची कडक गोळी दाबली की ती शिसं काढत नाही, इस्त्री केल्यासारखं आणखी घट्ट बसवते, आणि नळीतला दाब वाढतो. जुन्या रिव्हॉल्व्हरला तो दाब झेपेलच असं नाही. साफ करायचं ते ब्रशने. बार काढून साफ करायचं नसतं.

रजिस्टरमध्ये परतीची नोंद केली, आप्पांची सही घेतली.

संध्याकाळी ७.३०

दिवसभराच्या चिंध्या, तांब्याचे धागे आणि ब्रशखाली पडलेले शिशाचे पापुद्रे झाकणाच्या डब्यात भरतो. हे साध्या कचऱ्यात टाकायचं नसतं. घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत लोकांकडेच जातं. ते नाल्यात गेलं तर बोरी नदीत जाणार, आणि त्या नदीचं पाणी आमच्याच शेतांना लागतं. मग टेबल पुन्हा ओल्या फडक्याने, अवजारं तेलाच्या फडक्याने. सदरा खुंटीला, घरी गेल्यावर आधी आंघोळ, मग जेवण.

परवाना असलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. तुमच्या शस्त्रात उघड्या शिशाची गोळी जात असेल, तर वर्षातून एकदा ते जाणत्या आणि परवाना असलेल्या कारागिराकडून मोजून घ्या, नुसतं पुसून घेऊ नका. माप, वंगण आणि गळ्याचा गुळगुळीतपणा या तिन्ही गोष्टी ठीक असतील तर नळीत शिसं जवळजवळ साचत नाही, आणि साचलंच तर अर्ध्या तासात निघतं. पारा, आम्ल आणि कवचाची गोळी हे तिन्ही मार्ग सोडून द्या. आणि नळी साफ झाल्यावर काम संपलं असं समजू नका. हात धुवा, कपडे बदला, मुलांना दूर ठेवा. नळीतलं शिसं कारागीर काढू शकतो. मुलाच्या मेंदूवर शिशाने केलेली इजा मात्र कुणालाच भरून काढता येत नाही.